ट्रायल्स सायकल निवडताना: आधी ब्रेक, मग फ्रेम

चंदीगडच्या सायकल दुकानात जाऊन 'स्टंट करायला सायकल दाखवा' म्हटलं, की बहुधा दोनच गोष्टी समोर येतात. एक म्हणजे पुढे-मागे शॉकअप लावलेली जाड टायरची माउंटन बाइक आणि दुसरी बीएमएक्स. दोन्ही आपापल्या जागी चांगल्या असतात. पण जागच्या जागी तोल सांभाळणं, मागच्या चाकावर उड्या घेत दगडावर चढणं, एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर जाणं, आणि हे सगळं जमिनीला पाय न लावता करणं, हा ट्रायल्सचा खेळ यांपैकी कुठल्याच सायकलीवर धड जमत नाही. शॉकअप उडीची ताकद गिळून टाकतो आणि बीएमएक्सचा ब्रेक चाक जागेवर धरून ठेवत नाही.

बदलीवर चंडीमंदिर छावणीत आलेली, पीजीआयमध्ये किंवा मोहालीच्या आयसरमध्ये शिकायला आलेली मराठी मुलं इथल्या रुंद, सपाट रस्त्यांवर सायकल बाहेर काढतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांतल्या काहींना हा खेळ खुणावतो. अशा मुलांसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि पुण्या-नाशकातही अशी सायकल जुळवू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यात एकच सूत्र धरून ठेवलं आहे: ट्रायल्समध्ये पैसा 'पळण्यावर' नाही, 'धरण्यावर' खर्च करायचा. ब्रेक, फ्रीव्हील आणि मागचा टायर ही धरणारी मंडळी आहेत. फ्रेमचा रंग आणि वजन त्यानंतर येतं.

खेळ कुठून आला

हा खेळ मोटरसायकल ट्रायल्समधून आला. १९७०च्या दशकात स्पेनच्या कॅटालोनिया भागात, माँटेसा या मोटरसायकल कंपनीशी जोडलेल्या पेरे पी यांनी आपला मुलगा ओट याच्यासाठी विनाइंजिनची छोटी सायकल घडवली. पुढे त्यातूनच 'माँटी' हे सायकलचं नाव पुढे आलं आणि ओट पी जगज्जेता झाला. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघ म्हणजे यूसीआयच्या जागतिक स्पर्धा १९८६पासून होतात. स्पर्धेत दगड, लाकडाचे ओंडके, काँक्रीटचे ठोकळे अशा अडथळ्यांचे पट्टे ठरवून दिलेल्या वेळेत पार करायचे असतात, आणि पाय टेकला की नुकसान होतं. दुसरी शाखा शहरी. एप्रिल २००९मध्ये स्कॉटलंडच्या डॅनी मॅकॅस्किलचा एडिंबरा शहरातला व्हिडिओ आला आणि कठडे, पायऱ्या, कुंपणं यांवर खेळली जाणारी ही 'स्ट्रीट ट्रायल्स' घराघरांत पोचली. कोणती शाखा खेळायची ते ठरलं, की अर्धी निवड झालीच म्हणून समजा.

चाकाचा आकार

२० इंची सायकल स्पर्धेची, हलकी आणि चपळ असते. उंच अडथळ्यावर ती पटकन ओढता येते. तिला सीट नसते. 'मुलांच्या मापाची' असं समजून मोठ्या माणसांनी ती नाकारू नये, कारण जगातले कित्येक अव्वल प्रौढ खेळाडू हीच चालवतात.

२६ इंची सायकलही स्पर्धेची. मोठं चाक दगडांच्या फटीत अडकत नाही आणि लांब उडीला बरं पडतं. सहा फुटांच्या आसपास उंची असेल तर ही अंगाला बसते. सीट हिलाही बहुधा नसते.

२४ इंची ही स्ट्रीट ट्रायल्सची सायकल. छोटी का होईना, पण सीट असते. फ्रेम जास्त दणकट, वजन थोडं जास्त, आणि वळवायला, फिरवायला सोपी.

चंदीगडमध्ये राहणाऱ्या नवशिक्याला मी २४ इंची सुचवीन, आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. इथे सेक्टरमधल्या बागेपर्यंत किंवा सरावाच्या जागेपर्यंत चार-पाच किलोमीटर सायकलनेच जावं लागतं. सीट नसलेली, एका पायडलमागे जेमतेम अडीच मीटर जाणारी सायकल उभ्याने मारत एवढं अंतर कापलं, की सरावाआधीच मांड्या भरून येतात. गाडीच्या डिकीत टाकून नेणार असाल, किंवा घराच्या अंगणातच सराव असेल, तर २० इंचीला हरकत नाही.

एक खाचखळगा लक्षात ठेवा. २० इंची ट्रायल्स सायकलीचं मागचं चाक खरं तर १९ इंची असतं. टायरच्या बाजूवर रिमच्या बैठकीचा व्यास मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. बीएमएक्सच्या २० इंची टायरवर तो ४०६ असतो, ट्रायल्सच्या मागच्या टायरवर ३८७. तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातला २० इंची टायर पुढच्या चाकाला बसेल, मागच्याला कधीच नाही. मागचा टायर बाहेरून मागवावा लागतो. सायकल घेताना एक जास्तीचा टायर सोबत घेतलेला बरा. २४ इंचीचा आकडा ५०७ आणि २६ इंचीचा ५५९. हे आकडे पाठच करून ठेवा, दुकानदाराशी बोलताना घोटाळा होत नाही.

फ्रेम: रंग सोडा, मापं वाचा

फ्रेम निवडताना तीन मापं आणि एक चौथी गोष्ट बघायची.

पहिलं, दोन्ही चाकांच्या एक्सलमधलं अंतर. २० इंची आणि २४ इंचीत ते साधारण ९९० ते १०२० मिलिमीटर असतं, २६ इंचीत १०६० ते ११००. अंतर कमी असेल तर सायकल मागच्या चाकावर चटकन उभी राहते, जास्त असेल तर लांब उडीत स्थिर राहते. बुटक्या माणसाने लांब फ्रेम घेतली तर पुढचं चाक उचलतानाच कंबर भरते.

दुसरं, बीबीची (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल फिरतो त्या जागेची) उंची. दोन्ही एक्सल जोडणारी एक रेषा मनात धरा आणि क्रँकचा एक्सल तिच्या किती वर आहे ते बघा. साध्या सायकलीत तो त्या रेषेच्या खाली असतो, ट्रायल्समध्ये रेषेवर किंवा वर. रेषेच्या १०-२० मिलिमीटर वर असेल तर सायकल पायाखाली शांत राहते आणि शिकायला सोपी जाते. स्पर्धेच्या सायकलींत तो बराच वर असतो. त्यामुळे मागच्या चाकावर उड्या सोप्या होतात, पण दोन्ही चाकांवर तोल राखणं नवख्याला जड जातं. पहिल्या सायकलीला मधलं माप घ्या.

तिसरं, चेनस्टे म्हणजे बीबीपासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर. हे जितकं आखूड, तितकं पुढचं चाक हलकं वाटतं. २० इंचीत ते साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास असतं, २६ इंचीत ३८०च्या जवळपास.

चौथी गोष्ट म्हणजे ब्रेक बसवायच्या जागा. हे माप नव्हे, पण सगळ्यांत महत्त्वाचं. मागच्या रिम ब्रेकसाठी चार बोल्टचे माउंट आहेत, व्ही-ब्रेकच्या खुंट्या आहेत, की डिस्कचा माउंट आहे, हे फ्रेम घेण्याआधी बघा. फ्रेम एका जातीची आणि आवडलेला ब्रेक दुसऱ्या जातीचा असला, की दोघांचं लग्न कुठलाच मिस्त्री लावू शकत नाही.

धातूचं म्हणाल, तर निवड ४१३० क्रोमोली स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यात असते. स्टील जड, पण सोसणारं. आधी वाकतं, मग तुटतं, आणि चांगल्या हाताने वेल्डिंग केलं तर पुन्हा उभं राहतं. ॲल्युमिनियम हलकं, पण त्याला वयोमर्यादा असते. दणके खाऊन खाऊन केसासारखी चीर पडते आणि एक दिवस ती उघडते. शिवाय ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम वेल्डिंगच्या उष्णतेने मऊ पडतं. कारखान्यात वेल्डिंगनंतर त्याला पुन्हा उष्णतेचे संस्कार देऊन कणखर करतात. गल्लीतल्या वेल्डरकडे ती भट्टी नसते. म्हणून चीर गेलेली ॲल्युमिनियम फ्रेम 'टाका मारून' वापरू नका, ती भंगारातच काढा.

कार्बनच्या वाटेला पहिल्या सायकलीत जाऊच नये.

ब्रेक: इथे हात आखडू नका

ट्रायल्समध्ये ब्रेक थांबवण्यासाठी कमी आणि धरण्यासाठी जास्त लागतो. तुम्ही मागच्या चाकावर, कठड्याच्या काठावर उभे असता. सगळं वजन एका बोटाच्या दाबावर तोललेलं असतं. त्या क्षणी चाक एक इंच जरी सरकलं तरी नडगी कठड्यावर आपटते. शिवाय हे धरणं दोन्ही दिशांना लागतं. साध्या सायकलीचा ब्रेक पुढे जाणारं चाक रोखतो, पण चाक मागे फिरायला लागलं की कच खातो. ट्रायल्समध्ये निम्म्या वेळा चाक मागेच फिरू पाहत असतं.

पर्याय तीन आहेत.

पहिला, हायड्रॉलिक रिम ब्रेक. जर्मनीच्या मागुरा कंपनीने १९८७मध्ये सायकलीसाठी हायड्रॉलिक रिम ब्रेक आणला, आणि त्याच वंशातला एचएस ३३ गेली कित्येक वर्षं ट्रायल्सवाल्यांचा लाडका आहे. तेलाच्या दाबाने दोन छोटे दट्ट्ये दोन्ही बाजूंनी रिमवर पॅड दाबतात. पकड चाकाच्या अगदी कडेला बसते, त्यामुळे चाक जराही डुलत नाही. मागच्या चाकाला हा ब्रेक अजूनही उत्तम. पॅडच्या दाबाने फ्रेमचे पाय बाहेर फाकतात, म्हणून त्यांना एकत्र बांधणारी नालेच्या आकाराची बूस्टर प्लेट लावावी लागते. ती नसेल तर लिव्हर स्पंजासारखा वाटतो आणि दोष उगाच ब्रेकवर जातो.

दुसरा, डिस्क ब्रेक. पुढच्या चाकाला १६० किंवा १८० मिलिमीटरची डिस्क आता सर्रास असते, आणि स्ट्रीटच्या २४ इंचीत मागेही. रिम वाकली तरी ब्रेक लागतो, पावसाचा फारसा परिणाम होत नाही. तोटा असा, की कॅलिपरमध्ये पॅडला किंचित जागा असते, त्यामुळे धरलेलं चाक केसभर मागे-पुढे हलतं. दगडांत खेळताना डिस्क वाकण्याचीही भीती असते. चेनला तेल घातलेल्या हाताने डिस्कला स्पर्श केला तर पॅड तेलकट होतात, आणि मग बदलण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

तिसरा, केबलचा व्ही-ब्रेक. स्वस्त, सगळीकडे मिळणारा आणि कुठल्याही मिस्त्रीला कळणारा. नवी केबल, नवं आउटर, चांगले पॅड आणि बूस्टर एवढं घातलं तर पहिल्या वर्षाला तो पुरेसा होतो. पैसे कमी असतील तर महागड्या ब्रेकची नक्कल घेण्यापेक्षा खरा व्ही-ब्रेक घ्या.

रिम ब्रेकचं गुपित रिमच्या पृष्ठभागात असतं. गुळगुळीत रिमवर पॅड घसरतो, म्हणून ट्रायल्सवाले रिमची बाजू ग्राइंडरने खरबडीत करून घेतात. चार इंची अँगल ग्राइंडर, धातूची चकती, हलका हात, आणि चाक हळूहळू फिरवत मारलेल्या बारीक तिरक्या रेषा, एवढंच काम आहे. टायर-ट्यूब आधी उतरवा, डोळ्यांना गॉगल लावा, आणि जाड भिंतीच्या दुहेरी रिमवरच हे करा. साध्या पातळ रिमला ग्राइंडर लावला तर रिमच कापली जाते. अशा रिमवर ब्रेक कर्कश ओरडतो आणि पॅड लवकर झिजतात, पण पकड घट्ट मिळते. रेषा बोथट झाल्या की काही महिन्यांनी पुन्हा मारायच्या. खरबडीत रिमचे पॅड वेगळे आणि गुळगुळीत रिमचे वेगळे मिळतात, मागवताना तसं सांगा. रिमवर डांबराचा खडा घासण्याची जुनी युक्तीही तुम्हाला कुणी सुचवील. थंड देशांत ती चालते, पण चंदीगडच्या मे-जूनमध्ये उन्हात तापलेल्या रिमवर तेच डांबर चिकट लगदा होऊन बसतं.

तेलाची गल्लत मात्र करू नका. मागुरा आणि शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं. होपसारख्या काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये मोटारीत घालतात तसं डॉट ब्रेक फ्लुइड लागतं. एकाचं तेल दुसऱ्यात घातलं तर आतली रबरी सीलं फुगून ब्रेक निकामी होतो. डॉट फ्लुइड मोटारीच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, पण ते हवेतली ओल ओढतं आणि फ्रेमवर सांडलं तर रंग खातं. काही अनुभवी खेळाडू एचएस ३३मध्ये तेलाऐवजी पाणी भरतात, लिव्हर हलका आणि चपळ होतो म्हणून. चंदीगडला जानेवारीत पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा त्या पाण्यात मोटारीचं कूलंट मिसळावं लागतं. नवख्याने या भानगडीत न पडता तेलावरच राहावं.

लिव्हर एका बोटाने ओढता येईल असा जवळ बसवा. उरलेली बोटं हँडल धरायला हवीत. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला, याचं उत्तर आपल्याकडे सोपं आहे. स्कूटर-मोटरसायकलला तो उजव्या हाताला असतो, तसाच इथेही ठेवा. आणीबाणीत हाताची सवयच कामाला येते.

दुकानातच करायची परीक्षा अशी: सायकलशेजारी उभे राहा, पुढचा ब्रेक एका बोटाने दाबा आणि सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे, पुढचं फिरता कामा नये. मग मागचा ब्रेक दाबून सायकल जोर लावून मागे ओढा, मग पुढे ढकला. एका दिशेला धरतो आणि दुसऱ्या दिशेला सुटतो, असा ब्रेक आधी दुरुस्त होत असेल तरच सायकल घ्या.

फ्रीव्हील, गिअर आणि चेन

ट्रायल्समध्ये गिअर एकच असतो आणि तो हलका असतो. २० इंचीला पुढे १८ आणि मागे १२ दात, २६ इंचीला पुढे १८ आणि मागे १५, ही चालत आलेली जोडी. हिशेब करून बघा: दोन्हींत पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर जाते. आपल्या रोजच्या काळ्या सायकलीचा तोच फेरा पाच मीटरच्या पुढे जातो. म्हणजे ट्रायल्सवाला वेग देऊन टाकतो आणि त्याबदल्यात जागच्या जागी झटक्याची ताकद घेतो.

त्या झटक्याचा जीव फ्रीव्हीलमध्ये असतो. पायडल दाबल्यावर आतले कुत्रे (खटके) दातांत अडकेपर्यंत पाय रिकामाच फिरतो. आत १८ टप्पे असतील तर पाय २० अंशांपर्यंत फुकट जाऊ शकतो. ७२ टप्प्यांच्या फ्रीव्हीलमध्ये हे अंतर ५ अंशांवर येतं, १०८ टप्प्यांत ३.३ अंशांवर. काठावर उभं राहून उडी घेताना २० अंशांचा रिकामा पाय म्हणजे उडी चुकलीच. म्हणून ब्रेकनंतर दुसरा मोठा खर्च फ्रीव्हीलवर करा.

बहुतेक ट्रायल्स सायकलींत फ्रीव्हील मागच्या चाकाऐवजी क्रँकवर, पुढे बसवलेलं असतं. तिथे ते मोठं आणि दणकट करता येतं, आणि मागे लहान दातचक्र भागतं. याचा एक परिणाम पालकांनी ध्यानात ठेवावा: पाय थांबले तरी चाक फिरतंय तोवर चेनही फिरत राहते. सैल पँट, लोंबती नाडी किंवा सायकल ढकलताना चेनजवळ गेलेलं बोट, तिन्ही धोक्याची.

चेन एकगिअरी, जाड आणि नामांकित कंपनीची घ्या. जोर लावताना चेन तुटली तर गुडघा सरळ स्टेमवर जातो. झीज मोजायला फक्त पट्टी लागते. नव्या चेनच्या २४ पिनांचं अंतर ३०४.८ मिलिमीटर असतं. ते ३०६च्या पुढे गेलं की चेन बदला, आणखी महिनाभर ओढू नका. चेन ताणायला मागच्या एक्सलवर गोगलगायीच्या आकाराचे कॅम असतात. बोटाने दाबल्यावर जेमतेम अर्धा सेंटिमीटर हलेल इतकी ती घट्ट ठेवा.

क्रँकखाली दातचक्राला वाचवणारी बॅशरिंग किंवा प्लेट असतेच. ती झिजण्यासाठीच असते. झिजली की बदलायची, पण तिच्याशिवाय दगडावर उतरायचं नाही.

चाकं आणि टायर

मागची रिम रुंद, चाळीस ते सत्तेचाळीस मिलिमीटरच्या आसपास, वजन कमी करायला मधे भोकं पाडलेली. पुढची अरुंद चालते. स्पोक ३२ असावेत, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांनंतर चाक मिस्त्रीकडून एकदा सरळ करून घ्यावं. नव्या चाकाचे स्पोक बसता बसता सैल होतात. हबची रुंदी मोजूनच हब मागवा. २० इंची फ्रेममध्ये मागे बहुधा ११६ मिलिमीटर लागतो, २६ इंचीत १३५.

मागचा टायर अडीच इंची, जाड बाजूचा, मऊ रबराचा. २० इंचीसाठी मॅक्सिसचा क्रीपी क्रॉलर हा जुना, भरवशाचा टायर. हवा कमी भरायची: मागे वीस-बावीस पीएसआयपासून सुरुवात करा, पुढे चार-पाच जास्त. उडी घेऊन उतरल्यावर रिम दगडाला लागल्याचा 'टक्' आवाज आला तर दोन पीएसआय वाढवा. आवाज येत नाही आणि पकडही चांगली आहे, तर तोच तुमचा आकडा. साध्या फूटपंपाचा काटा एवढ्या कमी दाबाला नीट वाचत नाही, म्हणून कमी दाबाचं छोटं गेज वेगळं घ्या.

हँडल, स्टेम, पायडल

स्पर्धेच्या सायकलीत स्टेम लांब आणि चढता असतो, कारण हात पुढे-वर गेले की मागच्या चाकावर वजन तोलायला सोपं पडतं. स्ट्रीटच्या सायकलीत तो आखूड. हँडल सातशे ते सातशेचाळीस मिलिमीटर रुंद. खांदे अरुंद असतील तर दोन्हीकडून थोडं कापून घेता येतं, पण आधी महिनाभर चालवा, मग कापा. पायडल सपाट हवेत. धातूच्या पिनांचे पायडल बूट घट्ट धरतात, मात्र चुकले की नडगीचं कातडं काढतात. नवशिक्याने प्लास्टिकचे घ्यावेत. बूट सपाट, मऊ रबरी तळव्याचे. धावण्याचे जाड तळव्याचे बूट नकोत.

लुधियानातून काय, बाहेरून काय

चंदीगडचा मोठा फायदा म्हणजे लुधियाना, जेमतेम शंभर किलोमीटरवर. फाळणीनंतर तिथे वसलेल्या मुंजाल बंधूंनी आधी सायकलीच्या सुट्या भागांचा धंदा केला आणि १९५६मध्ये हिरो सायकल्स उभी केली. १९८६मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. अशा कारखान्यांभोवती सुटे भाग, लेथ, पावडर कोटिंग यांची अख्खी बाजारपेठ उभी आहे.

तिथून निर्धास्त घ्यावं असं सामान: स्पोक, ट्यूब, केबल-आउटर, ग्रिप, छर्रे, प्लास्टिकचे पायडल, हेल्मेट. करून घ्यावं असं काम: ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बूस्टर प्लेट, बॅशरिंग, स्टील फ्रेमचा रंग. नमुन्याचा भाग हातात घेऊन जा. तोंडी वर्णनावर 'हो जायेगा जी' असं उत्तर हमखास मिळतं, पण मापाची खात्री नमुन्यानेच होते.

बाहेरून मागवावं असं सामान: फ्रेम, पुढचं फ्रीव्हील, त्याचे क्रँक, १९ इंची टायर, ट्रायल्सचे पॅड. हे एकाच पार्सलात मागवा, म्हणजे कुरिअरचा खर्च वाटला जातो. ऑर्डरआधी सीमाशुल्क धरून दारात पडणारी किंमत काढा. वेबसाइटवरच्या किमतीने भुलू नका. पॅड आणि फ्रीव्हीलचे सुटे भाग पहिल्याच पार्सलात जास्तीचे घ्या, नाहीतर शंभर रुपयांच्या वस्तूसाठी सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहते.

वापरलेली सायकल घेताना

पहिली सायकल वापरलेली मिळाली तर सोनंच. बघण्याचा क्रम असा: ओल्या फडक्याने फ्रेम पुसून घ्या. पुढच्या नळीच्या खालचा सांधा, बीबीभोवतीची वेल्डिंग आणि ब्रेकच्या माउंटची मुळं बॅटरीच्या उजेडात तपासा. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर नखाने चाचपा. नख अडकलं तर सौदा सोडा. पुढचा चिमटा (फोर्क) बाजूने बघा, मागे वाकलेला नको. फ्रीव्हीलवर उभं राहून हलके झटके द्या. एकदाही 'कट्' करून सुटलं, तर त्याची पूर्ण किंमत वजा करा. खरचटलेली बॅशरिंग, उडालेला रंग, झिजलेले ग्रिप यांची फिकीर नको. ती खेळलेल्या सायकलीची खूण आहे.

चंदीगडची जमीन आणि हवा

सह्याद्रीतला काळा बेसाल्ट कोरडा असला तर टायर छान धरतो. चंदीगडजवळच्या शिवालिकचा दगड वेगळा: भुसभुशीत वाळूचा खडक आणि त्यात रुतलेले गोलगोटे. चढताना कडा हातात येते. म्हणून मोरनीकडे किंवा घग्गरच्या पात्रात खेळायचं तर दगड आधी पायाने हलवून बघा आणि टायर जाड बाजूचाच ठेवा. पावसाळ्यात या कोरड्या ओढ्यांना, ज्यांना इथे 'चो' म्हणतात, वरच्या पावसाने अचानक लोंढा येतो. जुलै ते सप्टेंबर तिकडे फिरकू नका. सुखना अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही.

शहरात काँक्रीट भरपूर आहे, म्हणून कुठेही चढायला परवानगी आहे असं नाही. ल कॉर्बुझिएचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्स २०१६पासून जागतिक वारसा आहे. तिथे टायरचा एक काळा डागही नको. सेक्टर १७च्या चौकात माणसांची वर्दळ असते. सुरुवातीचा सराव घराच्या अंगणात चार लाकडी पॅलेट, दोन जुने मोटारीचे टायर आणि एक ओंडका यांवर उत्तम होतो. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात काँक्रीट आणि रिम दोन्ही दमट असतात, तेव्हा ऊन वर आल्यावर बाहेर पडा. मे-जूनमध्ये पहाटे खेळा आणि सायकल उन्हात ठेवू नका.

खर्चाचा क्रम

दहा रुपये असतील, तर वाटणी अशी करा: एक रुपया हेल्मेट, नडगीचे गार्ड आणि हातमोजे यांना, तीन ब्रेकला, दोन फ्रीव्हील आणि चेनला, दोन चाकं आणि टायरला, उरलेले दोन फ्रेमला. नवी फ्रेम दोन रुपयांत येणार नाही, म्हणूनच पहिली फ्रेम वापरलेली घ्यावी. ब्रेक (माउंट जुळत असेल तर), फ्रीव्हील आणि पायडल पुढच्या फ्रेमवर तुमच्यासोबत येतात; चाकंही येतात, फक्त चाकाचा आकार आणि हबची रुंदी जुळली पाहिजे. फ्रेम बदलणारच असते.

सायकल घरी आली की पहिले पंधरा दिवस उडी नाही. दोन्ही ब्रेक दाबून, पायडल आडवे ठेवून जागेवर उभं राहायचं. आधी दहा सेकंद, मग तीस, मग मिनिट. त्यानंतर पुढचं चाक उचलून विटेवर ठेवणं, मग दोन विटांवर. ब्रेक कुठे सुटतो, फ्रीव्हील कुठे रिकामं जातं, टायरला हवा किती हवी, हे या पंधरा दिवसांत कळतं, आणि पुढचा पैसा कुठे घालायचा तेही. ते कळेपर्यंत नव्या भागांची ऑर्डर देऊ नका.